अख्खी अळी

जॅमच्या कारखान्यात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला किळस येत नाही, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. तो खोटा आहे. किळस येते, फक्त चहाच्या सुट्टीसारखी ठरल्या वेळी येते. भिंगबाईंना ती रोज सकाळी साडेनऊला, नव्या मालाची पहिली पेटी उघडताना यायची आणि दहाच्या आत ओसरायची. त्या मंगळवारी मात्र ती आली आणि जायचं नाव घेईना.

पेटी सुक्या अंजिरांची होती. भिंगबाईंनी एक अंजीर फोडलं. आतून एक अळी झोपमोड झाल्यासारखी आळस देत बाहेर आली. दुसऱ्यात दोन होत्या. तिसऱ्यात आईबाप आणि लेकरंबाळं धरून अख्खं बिऱ्हाड होतं.

भिंगबाई हे नाव कारखान्यानं ठेवलेलं. गळ्यात काळ्या दोरीला लोंबणारं भिंग, संडासाला लागून असलेली प्लायवूडची खोली, तिच्या दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी, आणि आत एक मायक्रोस्कोप, एक वजनकाटा, काचेच्या नळ्या. ह्या संसारावर बाई राज्य करायच्या. बाईंना एकाच गोष्टीचा गर्व होता. चौदा वर्षांत त्यांनी खोट्या कागदावर सही केली नव्हती. रंग फिका असेल तर फिका लिहिलं, पाक कच्चा असेल तर कच्चा लिहिलं. कागद पुढे कुठे जातो आणि त्याचं काय होतं हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या पेटी घेऊन थेट मेव्हण्यांकडे गेल्या. मेव्हणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. लग्नाला आले ते परत गेलेच नाहीत, म्हणून मालकांनी त्यांना खरेदीखात्यात बसवलं होतं.

“ही चार टन आलीत,” बाई म्हणाल्या. “आणि ही अशी आहेत.”

मेव्हण्यांनी पेटीत डोकावलं. “अहो, अंजीर म्हटलं की अळी आलीच. नैसर्गिक आहे ते.”

“माणूस म्हटलं की पोटात जंत आले. म्हणून आपण ते बरणीत भरतो का?”

“जाळी आहे की आपली. कढईच्या आधी सगळा गर जाळीतून जातो. अळ्या वर राहतात, गर खाली. आजवर असंच चाललंय ना?”

आजवर असंच चाललं होतं हे खरं. जाळीवर साठलेला तो पांढरा थर रोज संध्याकाळी कढईवाले काका नाक वळवून खरवडायचे आणि मागच्या गटारात टाकायचे. तिथे कावळेसुद्धा नाइलाजानंच उतरायचे.

पण ह्या वेळचं गिऱ्हाईक वेगळं होतं. परदेशातल्या एका बाईंना घाऊक जॅम हवा होता. त्यांची दुकानं ज्यू लोकांची, त्यामुळे जॅम कोशर पाहिजे, म्हणजे त्या लोकांच्या धर्माला चालणारा. आधी प्रयोगशाळेनं लेखी द्यायचं की मालात किडे-अळ्यांचं काय करता. ते पटलं तर त्यांचा तपासणारा माणूस येईल, आणि मग ऑर्डर. एवढं सगळं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मालकांनी त्यातला ‘कोशर’ हा शब्द तेवढा दोनदा वाचला.

“स्टिकर असतो का हा?” त्यांनी विचारलं.

“धर्म असतो,” भिंगबाई म्हणाल्या.

“मग सोपं आहे. धर्माचं कुणीही फुकट सांगतं.”

आणि खरंच, दुपारपर्यंत मालकांनी इंटरनेटवर एक साइट शोधून काढली. तिथे कुणीही ज्यू धर्माबद्दल प्रश्न विचारावा आणि रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, उत्तर द्यावं. प्रश्नाला नाव लागत नव्हतं, पत्ता लागत नव्हता. मालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

“कारखाना आहे असं लिहू नका हं,” ते भिंगबाईंना खुर्चीवर बसवत म्हणाले. “कारखाना म्हटलं की लोक तपासायला येतात. गृहिणी म्हटलं की सल्ला देतात. लिहा: मी एक गृहिणी आहे. घरी अंजिराचा जॅम करते आहे. अंजिरांत अळ्या आहेत. काय करू?”

भिंगबाईंनी लिहिलं. पण आकड्याशिवाय वाक्य लिहायची सवय नव्हती त्यांना. त्यामुळे हात आपसूक पुढे गेला, आणि पाठवल्यावर लक्षात आलं की प्रश्न असा गेलाय: मी एक गृहिणी आहे, घरी चार टन अंजिरांचा जॅम करते आहे.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

“ताई, तुमच्या घरी माणसं बरीच असावीत, सगळी सुखी राहोत. आमच्यात किडा खाणं निषिद्ध आहे, डोळ्यांना दिसेल इतका बारकासुद्धा. म्हणून अंजीर घ्यायचं, देठाकडून फोडायचं, उलटं करायचं, उजेडासमोर धरून बघायचं. प्रत्येक अंजीर. एवढी अंजिरं असतील तर शेजारणींना बोलवा.”

“प्रत्येक?” मालकांनी विचारलं.

“प्रत्येक,” भिंगबाई म्हणाल्या. त्यांना तो माणूस आवडला. जगात अजून कुणीतरी एकेक अंजीर फोडून बघा म्हणतंय, ह्याचं त्यांना बरं वाटलं.

“हा कडक दिसतोय. दुसऱ्याला विचारा. डॉक्टरचं नाही का, एक ऑपरेशन म्हणतो, दुसरा गोळी देतो. आपल्याला गोळीवाला पाहिजे.”

मग भिंगबाई ‘एक नवविवाहिता’ झाल्या. वय वर्षं एकोणपन्नास. नवविवाहितेनं विचारलं की आमच्या दोन नंबरच्या कढईची जाळी अळ्या अडवते, तर अंजिरं न फोडता चालेल का.

ह्याचं उत्तर तासाभरात आलं. “ताई, लग्नाच्या शुभेच्छा. आम्ही इथे तिघं रब्बी एकाच टेबलाला बसतो. समोरचे म्हणताहेत की कालची चार टनवाली गृहिणी हीच. आमच्यात एक रीत आहे. एका रब्बीला विचारलं आणि त्यानं नाही म्हटलं, तर तोच प्रश्न घेऊन दुसऱ्याकडे जायचं नाही. नाहीतर माणूस ‘हो’ ऐकू येईपर्यंत दारं ठोठावत फिरतो. तुमचा प्रश्न मी कालच्यांनाच परत देतोय. तुमच्या घरी कढयांना नंबर असतात हे वाचून आम्हाला गंमत वाटली.”

मालकांनी उत्तर स्वतः परत वाचलं. “हे लोक एकमेकांशी बोलतात?” त्यांनी शेवटी विचारलं. इतका अन्याय त्यांनी आयुष्यात सोसला नव्हता.

“मग आता खरं लिहू?” भिंगबाईंनी विचारलं.

“आता उलटं लिहू. समजा अळी गेलीच जॅममध्ये. चुकून. मग?”

कालच्या रब्बींनी त्याचंही उत्तर दिलं. नेहमीचा नियम असा की निषिद्ध वस्तूचा थेंब चुकून चांगल्या पदार्थात पडला, आणि चांगला पदार्थ मापानं साठपट असला, तर तो थेंब नसल्यात जमा. पण जीव अख्खा असेल तर हा नियम लागत नाही. अख्खी मुंगी, अख्खी अळी, हजार मापांतसुद्धा विरत नाही. तिचं असणं कायम राहतं.

भिंगबाईंनी हे मोठ्यानं वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. अळीबद्दल इतक्या आदरानं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मालकांच्या अंगावरही काटा आला, पण वेगळ्या कारणानं.

“अख्खी असेल तर,” ते हळू आवाजात म्हणाले.

“हो.”

“आणि अख्खी नसेल तर?”

भिंगबाईंनी मान वर केली. मालकांच्या चेहऱ्यावर, गवसलं एकदाचं, असा भाव होता. विहिरीत पडलेली बादली गळाला लागल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा.

“विचारा,” मालक म्हणाले.

बाईंनी विचारलं. उत्तर आलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की जीव चुकून तुटला, त्याचे तुकडे पदार्थात मिसळले आणि पदार्थ साठपट असला, तर मग साठाचा नियम लागतो. दुसरी ओळ ‘पण’ ह्या शब्दानं सुरू होत होती. मालकांनी लॅपटॉप तिथेच मिटला.

“खाली अजून आहे,” भिंगबाई म्हणाल्या.

“‘पण’नंतरचं वाचायचं नसतं. त्यानं माणसाची उमेद जाते.”

“त्यात लिहिलंय की मुद्दाम तोडायचं नाही. मुद्दाम केलं तर चालतच नाही. आणि पुढे लिहिलंय, ताई, तुम्ही नक्की काय करताय ते मला सांगा.”

“ते गृहिणींसाठी. आपण कुठे गृहिणी आहोत?”

त्याच दुपारी जाळी काढली. चौदा वर्षं जी जाळी अळ्या अडवत होती ती भिंतीला टेकवून ठेवली, कारण जाळीतून एखादी बारकी अळी अख्खी निसटू शकते आणि अख्खी निसटली तर घोटाळा. त्यापेक्षा सगळ्याच आत जाऊ द्या, आणि ग्राइंडर दोनदा फिरवा. पूर्वी अळ्या गटारात जायच्या आणि जॅम अशुद्ध होता. आता अळ्या जॅममध्ये जाणार होत्या आणि जॅम शुद्ध होणार होता.

कढईवाले काका सत्तरीचे. त्यांनी हात थांबवून सगळं ऐकून घेतलं, आणि मग भिंगबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “बाई, मला जरा समजावून सांगा. किडा खायचा नाही असा त्यांचा धर्म आहे ना?”

“हो.”

“आणि म्हणून आपण तो वाटून घालतोय.”

“हो.”

“बरं,” काका म्हणाले आणि टोपी नीट करून ग्राइंडरकडे गेले. थोड्या वेळानं परत आले. “आवाज ऐकलात का? आधी असा येत नव्हता. ओला येतोय.”

भिंगबाईंना तो आवाज पुढे आठवडाभर ऐकू येत राहिला. जेवताना तर हमखास.

पण मालकांचं समाधान झालं नव्हतं. साठपट हे सिद्ध करायला हवं होतं. रब्बी मापानं म्हणाले होते, तर मापानं दाखवू. मालकांनी फर्मान काढलं. एक किलो अंजिरांतून जितक्या अळ्या निघतील तितक्या बाईंनी चिमट्यानं काढायच्या, काचेच्या मापाच्या नळीत भरायच्या आणि माप लिहायचं. मग त्याच एक किलोचा जॅम किती होतो ते मोजायचं आणि भागायचं.

भिंगबाई दीड दिवस तेच करत बसल्या. नळीत अळ्या सपाट बसत नाहीत. मध्ये हवा राहते. आणि त्या वळवळतात, त्यामुळे रेघ चार आणि पाचच्या मध्ये नाचत राहते. बाईंनी नळी टेबलावर हलकेच आपटली, तेव्हा त्या खाली बसल्या. चार मिलिलिटर. बाईंनी आकडा लिहिला, संडासात गेल्या, परत आल्या, जॅम मोजला. सातशे. भागाकार केला. एकास एकशे पंचाहत्तर.

“साठ लागतात आणि आपले एकशे पंचाहत्तर?” मालक हरखले. “म्हणजे धर्म सांगतो त्याच्या जवळजवळ तिप्पट शुद्ध.”

मेव्हण्यांनी बोटांवर हिशेब केला. “दाजी, म्हणजे अजून जागा आहे. याहून हलकी अंजिरं चालतील.”

हे ते थट्टेनं म्हणाले नव्हते. भिंगबाईंनी त्यांच्याकडे भिंगातून बघितलं. मोठे झालेले मेव्हणे आणखीनच भयंकर दिसले.

संध्याकाळी घरी गेल्यावर बाईंनी फडताळातली अंजीर जॅमची बरणी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. कामगारांना दरमहा एक बरणी मिळायची. चौदा वर्षांच्या हिशेबानं शंभरावर बरण्या ह्या घरानं चाटून पुसून संपवल्या होत्या. सासूबाई तर जॅम पोळीला लावायच्या नाहीत, जॅमला पोळी लावायच्या.

“का गं टाकलीस?” सासूबाईंनी डब्यात हात घालून बरणी बाहेर काढली आणि पदरानं पुसली.

“आई, त्यात अळ्या असतील. आधीही जाळीतून निसटल्या असतील. मी शपथेवर नाही सांगू शकत.”

सासूबाईंनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, चाखलं. “मेल्या असतील ना?”

“हो, पण…”

“मग? मी चौदा वर्षं खातेय, काही झालं का मला? उलट गुडघे दुखायचे थांबलेत.” त्यांनी परत बोट बुडवलं. “तुमच्या त्या मालकाला सांग, साखर जरा कमी घाल म्हणावं.”

भिंगबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मालक स्वतः जॅम खात नाहीत हे त्यांना आत्ता आठवलं. डॉक्टरांनी गोड बंद केलंय असं ते सांगायचे. पण पेढ्याच्या बॉक्सवर त्यांचा हात पडलेला सगळ्या कारखान्यानं पाहिला होता. मेव्हणेही खात नाहीत. विचार करता करता बाईंच्या लक्षात आलं की कारखान्यात जॅम खाणारं कुणी नाहीच. जो तो आपापली बरणी घरी नेतो आणि घरच्यांना खाऊ घालतो.

शुक्रवारी सकाळी मालक पत्राचा मसुदा घेऊन येणार होते आणि बाईंची सही लागणार होती. सही केली नाही तर प्रयोगशाळेत दुसरा माणूस बसेल, हे मेव्हण्यांनी चहा पिता पिता सहज सांगून ठेवलं होतं. त्यांचा एक भाचा रिकामाच होता. बाई साडेआठला येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच कुणी पाठीमागे उभं नसताना त्यांनी रब्बींना लिहिलं.

“मी गृहिणी नाही, नवविवाहिताही नाही. मी जॅमच्या कारखान्यात तपासनीस आहे. तुमच्या उत्तराची पहिली ओळ वाचून आमच्याकडे अळ्या मुद्दाम दळतात. त्या मी नळीत मोजल्या आहेत. आता मला त्याच्यावर सही करायची आहे. मी तुमच्या धर्माची नाही. करू का?”

त्या टेबलाला सकाळी काम कमी असावं. उत्तर वीस मिनिटांत आलं.

“तुम्ही गृहिणी नाही हे मला तिसऱ्या प्रश्नालाच कळलं होतं. चार टनांवरून नाही. गृहिणीला कढईत हे दिसलं असतं तर तिनं नाक दाबून कढई केव्हाच ओतून दिली असती. माप विचारत बसली नसती. माझी पहिली ओळ चुकून झालेल्यासाठी आहे, ठरवून केलेल्यासाठी नाही. कागदावर जे लिहिलंय ते खरं असेल तर सही करा, खोटं असेल तर करू नका. ह्याला रब्बी लागत नाही. कढईचं काय करायचं ह्यालाही लागत नाही. तुमच्या त्या चार टनांमुळे आमच्या टेबलावर चार दिवस कुणी अंजीर खाल्लेलं नाही, हे जाता जाता.”

भिंगबाईंनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात मालक मसुदा घेऊन आले. त्यांनी तो स्वतः, उभं राहून, एका हातानं टेबलावर ताल धरत वाचून दाखवला:

“आमच्या अंजीर जॅममध्ये एकही अख्खी अळी नाही. सर्व अळ्या दोनदा दळलेल्या असतात. अळ्यांचं प्रमाण मापानं एकशे पंचाहत्तरास एक इतकं असून, धर्मानं सांगितलेल्या मर्यादेपेक्षा आमचा माल जवळजवळ तिप्पट शुद्ध आहे. सोबत अळ्या मोजतानाचे फोटो.”

वाचून झाल्यावर त्यांनी बाईंकडे पाहिलं. “कसं वाटतंय?”

भिंगबाईंनी मसुदा हातात घेतला. शब्द न् शब्द तपासला. शेवटच्या ‘शुद्ध’वर त्या थांबल्या. “हे ‘शुद्ध’ मी मोजलेलं नाही. ‘तिप्पट कमी अळ्या’ असं लिहा, मग खरं आहे.”

“तेच ते,” मालक म्हणाले आणि खोडून तसं केलं.

चौदा वर्षांत पहिल्यांदा बाईंना मालकांचा मसुदा आवडला होता. त्यात कुठेही खोटं नव्हतं. त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. मालक कौतुकानं बघत राहिले. “उगीच घाबरत होता ना?”

“हो,” बाई म्हणाल्या.

फोन सोमवारी आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला, कारण आनंदाची बातमी एकट्यानं ऐकू नये असं त्यांचं मत होतं. मेव्हणे होते, भिंगबाई होत्या, दारात काका होते.

“मला एवढंच विचारायचं होतं,” खरेदीदार बाईंचा आवाज आला, “की हे पत्र तुमच्याकडूनच आलंय ना? कुणी तुमच्यावर राग काढायला पाठवलेलं नाही ना?”

“आमचंच आहे,” मालक अभिमानानं म्हणाले. “फोटो पाहिलेत?”

“पाहिले. आमच्या ऑफिसातल्या दोघी घरी गेल्या. मी ह्या धंद्यात तीस वर्षं आहे. लोक आमच्यापासून अळ्या लपवतात. मोजून पाठवणारे तुम्ही पहिलेच.”

“पारदर्शकता,” मेव्हणे म्हणाले.

“एक सांगू का? धर्माचं राहू द्या बाजूला. तुम्ही स्वतः हे खाल का?”

“मला गोड बंद आहे,” मालक म्हणाले.

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला.

मालकांनी आधी फोनकडे, मग मेव्हण्यांकडे आणि शेवटी भिंगबाईंकडे पाहिलं. “तुम्ही सही का केलीत?”

“खरं होतं म्हणून.”

“खरं असलेल्या सगळ्यावर सही करायची असते का?” मालकांचा आवाज चिरकला. मग ते तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांच्यातला धंदेवाला परत जागेवर आला. “असो. माल काही वाया जात नाही. परदेशासाठी भरून ठेवलेले सगळे ड्रम परत दोन नंबरच्या कढईत ओता, एक उकळी द्या, आणि बरण्यांत भरून इथल्याच दुकानांना पाठवा. आपल्या गिऱ्हाइकाला कुठे रब्बी असतो?”

मेव्हणे हसले. हसू खरं होतं. मनापासून पटल्यावर येतं तसं.

भिंगबाईंना त्या क्षणी जी शिसारी आली ती अळ्यांची नव्हती. अळी बिचारी अंजिरात जन्मते, अंजीर खाते, कुणाला फसवत नाही. बाई मुकाट्यानं आपल्या खोलीत आल्या. टेबलावर इथल्या मालाचा रोजचा कागद कोरा पडला होता. रंग, चव, घट्टपणा असे तीन रकाने आणि खाली सहीची जागा. त्यांनी भिंग लावून तो कागद बघितला, जणू चौथा रकाना बारीक अक्षरांत कुठेतरी असेल. नव्हता. तीनही रकान्यांत ‘उत्तम’ लिहिलं असतं तर ते खरंच झालं असतं. चौदा वर्षं त्या अशाच खऱ्या कागदांवर सही करत आल्या होत्या आणि त्याच खऱ्या कागदांच्या बरण्या सासूबाई बोटानं चाटत होत्या.

त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि खणाच्या तळातून एक पिवळी पडलेली वही काढली. वरती छापलं होतं: ‘माल नष्ट करण्याचा आदेश’. कारखाना सुरू करताना परवान्यासाठी ती छापावी लागली होती. तिच्यावर फक्त प्रयोगशाळेची सही लागते, मालकांची नाही. पहिलं पान अजून कोरं होतं. बाईंनी ते भरलं. माल: अंजीर जॅम. कढई: दोन. कारण: त्या थांबल्या, आणि मग लिहिलं, ‘किळस’.

तो कागद घेऊन त्या कढईपाशी गेल्या. काकांचे ड्रम ओतून झाले होते आणि जॅम फदफदू लागला होता. वरून वास छान येत होता, तेच सगळ्यात वाईट होतं.

“काका, खालचा नळ उघडा.”

“सगळा?”

“सगळा.”

काकांनी कागद हातात घेतला. वाचता येत नसल्यासारखा उलटा धरला, मग सुलटा केला आणि नीट घडी करून खिशात ठेवला. “ह्याला जपून ठेवतो,” ते म्हणाले. “कुणी विचारलं तर.” आणि खाली वाकून त्यांनी नळाचा दांडा दोन्ही हातांनी ओढला.

जॅम आधी विचार केल्यासारखा थोडा थांबला आणि मग आला. तांबडा, जाड, वाफाळता, गटाराच्या दिशेनं चालू लागला. गटार मात्र पाण्यासाठी बांधलेलं. दहा मिनिटांत ते तोंडापर्यंत भरलं, तुंबलं, आणि जॅमनं वाट बदलली. तो पॅकिंगच्या खोलीत शिरला, रिकाम्या खोक्यांच्या चवडी त्यानं हळूहळू सरकवल्या. तिथून तो मेव्हण्यांच्या केबिनच्या दाराखालून आत गेला. आतून मेव्हण्यांचा आवाज आला, “दाजी, काहीतरी गरम आहे.” माश्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण त्या एकाच वेळी सगळ्या खिडक्यांतून आल्या.

भिंगबाई काकांबरोबर भट्टीच्या कट्ट्यावर चढून बसल्या. पाय वर घेतले. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून पुसलं आणि परत घातलं.

मालक ऑफिसच्या पायऱ्या उतरत आले. शेवटच्या पायरीनंतर त्यांनी पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला बूट खालीच राहिला. ते एका पायावर उभे राहिले, पांढरा मोजा हवेत धरून. आधाराला काहीच नव्हतं. खाली टेकावं तर त्यात काय आहे हे त्यांना मापासकट ठाऊक होतं.

“हे कुणाला विचारून केलंत?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही,” भिंगबाई म्हणाल्या.

मालक डोलत होते. एक माशी त्यांच्या मोज्यावर बसली. काकांनी खिशातला कागद काढून त्यांच्या दिशेनं पुढे केला, पण मधे दहा हात जॅम होता, आणि कागद घ्यायला मालकांना दुसरा पाय टेकवावा लागला असता.